पाटीवरचं नाव

शुक्रवारी सूर्यास्ताआधी माझा शेवटचा फोन. मग शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा दिवस; पैशाचं नाव काढायचं नाही. न्यूयॉर्कच्या एका ज्यू विद्यापीठासाठी मी माजी विद्यार्थ्यांकडे देणग्या मागतो. बाराव्या शतकातल्या मायमोनिडीज या ज्यू धर्मपंडितानं दानाच्या आठ पायऱ्या लावल्या. सगळ्यात वरची, माणसाला स्वतःच्या पायावर उभं करण्याची. म्हणून मी आधी शिष्यवृत्तीच पुढे करतो. तिच्याखालची, देणारा-घेणारा एकमेकांना अनोळखी राहण्याची. आणि मी विकतो काय, तर पितळी पाट्या! बरं, बार्सिलोनाच्या रश्बा या रब्बींनी दात्याचं नाव कोरायला मुभा दिली होती, तेवढाच आधार. परवा एक म्हातारबुवा म्हणाले, ‘‘माझं नको, आईचं नाव घाला.’’ स्पेलिंग मात्र तीनदा वाचून घेतलं.