दिवाडीला निघालेल्या भाच्यास

केंदूर, ता. शिरूर

चि. सुजय यास,


तू पाठवलेले कॅरिबियनमधल्या सेबा बेटाचे फोटो मामीनेही पाहिले. वाळूचा लांबलचक किनारा नाही म्हणून गर्दी नाही, विमानाची धावपट्टी जेमतेम ४०० मीटरची. बेट छानच आहे, पण तुमच्या चौघांच्या तिकिटांत आपली विहीर बांधून होईल. शांत बेटच पाहायचं असेल तर गोव्यातल्या दिवाडीला जा.

रात्रीच्या गाडीने पणजी, तिथून जुन्या गोव्याची बस. चर्चपुढची गर्दी मागे टाकून व्हाइसरॉयच्या कमानीखालून खाली उतरलास की मांडवीचा धक्का लागतो. फेरीबोटीत पायी माणसाला तिकीट नाही, तेव्हा पायीच जा.

बेटावर अजून पूल नाही. पुलाचा विषय निघाला की तिथल्याच लोकांनी विरोध केलाय. घरात कुणी आजारी पडलं तरी फेरीची वाट पाहायची, हे पत्करून. तुला दोन दिवस जी शांतता मिळणार, तिच्यासाठी ते रोज खोळंबतात. तिथे वागताना एवढं ध्यानात ठेव.

तू शेतकऱ्याच्या घरचा, म्हणून रंगीत घरांपेक्षा खाजण शेती बघ. आपण बांध घालतो तो पाणी शिवारात राहावं म्हणून. तिथे बांध असतो तो खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून. बांधात लाकडी झडपांचं दार असतं, त्याला मानस म्हणतात. भरती आली की पाण्याच्या रेट्यानेच झडप मिटते, ओहोटीला उघडते आणि शेतातलं जादा पाणी निघून जातं. ना मोटर, ना वीज. अशा खारवट जमिनीत कोरगुट नावाचं भात येतं. बांध फुटला आणि वेळेत बुजवला नाही तर जमीन खारावते, म्हणून बांधावर उड्या मारू नका. टँकरची वाट पाहिलेल्या केंदूरच्या माणसाला हे पाणी बाहेर ठेवणं पाहून गंमत वाटेल.

ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे बोंदेरां असतो, झेंड्यांची मिरवणूक. बघण्यासारखा, पण त्या दिवशी शांतता मागू नये. सप्टेंबरअखेर जा, तेही शनिवार-रविवार टाळून.

सप्तकोटेश्वराचं देऊळ आधी दिवाडीवरच होतं. पोर्तुगीजांनी ते पाडलं आणि देव नदीपलीकडे डिचोली तालुक्यातल्या नार्व्याला गेला. तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. उत्तरेकडच्या फेरीने पलीकडे जाऊन दर्शन घेच. जुन्या गोव्यातून परत फिरणाऱ्या आपल्या लोकांना हे ठाऊकच नसतं.

जेवण बेटावरच घे, रिकाम्या बाटल्या सोबत परत आणा. कुणाच्या ओट्यावर न विचारता फोटो काढू नका. आपल्या कान्हुराज महाराजांच्या देवळापुढे पुण्याची पोरं ड्रोन उडवायला लागली तर तू काय बोलशील? तेच तिथल्या म्हाताऱ्यांच्या मनात येतं, फक्त ती बोलून दाखवत नाहीत.

आणि बेटाचा व्हिडिओ टाकायचा झाला तर आधी मला विचार. मी नकोच म्हणणार आहे.

तुझा,
मामा