पुढच्या हाताचा स्क्रू

मालकी म्हणजे काय, या प्रश्नाचा विचार आपण बहुधा घर, जमीन किंवा वडिलोपार्जित दागिने यांच्या संदर्भात करतो. मला तो प्रश्न एका स्क्रूने घातला. आणि तो स्क्रूही इतका लहान, की हातातून निसटला असता तर फरशीवर सापडला नसता.

म्हैसूर-हुणसूर रस्त्यावरील येलवाल येथे केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त माझे वास्तव्य आहे. परमुलखात रविवार फार लांबतो. म्हैसूर हे मोटारसायकलींचे जुने गाव. १९६१ पासून १९९६ पर्यंत येथील 'आयडियल जावा'च्या कारखान्यात जावा आणि पुढे येझदी या गाड्या तयार होत असत. त्या गाड्यांवर हात बसलेले मिस्त्री अजूनही भेटतात, आणि त्यांच्या सहवासाने मलाही हत्यारे बाळगण्याचा नाद लागला. माझी गाडी मात्र नव्या पिढीची. तिच्यात कार्ब्युरेटरच्या जागी थ्रॉटल बॉडी आहे. म्हणजे अॅल्युमिनियमची एक आखूड नळी, आणि तिच्यात आडव्या दांड्यावर दोन बारीक स्क्रूंनी बसवलेली वाटोळी झडप. मूठ पिळली की झडप उघडते व हवा आत शिरते. तो दांडा कानशीने बारीक करावा, नळी आतून घासून गुळगुळीत करावी, म्हणजे हवा अधिक मोकळी वाहील आणि गाडी चपळ होईल, असे माझ्या मनाने घेतले.

पहिलाच स्क्रू हलेना. मी जोर केला, स्क्रू-ड्रायव्हर उसळला. पुन्हा जोर केला, आणि डोक्यावरची फुलीची खाच पार गुळगुळीत होऊन गेली. दुसऱ्या दिवशी एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी नळी उलटी करून स्क्रूचे मागचे टोक दाखवले. ते कारखान्यातच ठोकून पसरवलेले होते. स्क्रू सैल होऊन हवेबरोबर इंजिनात ओढला जाऊ नये, म्हणून ही योजना. आधी ते टोक कानशीने काढायचे आणि मग खाचेत नेमका बसणारा ड्रायव्हर लावायचा. फिलिप्सची फुली आणि जपानी पद्धतीची फुली दिसायला सारख्या. परंतु एकीचा ड्रायव्हर दुसरीत पुरता बसत नाही. "निघत नव्हता, तर का निघत नाही हे आधी का नाही पाहिले?" एवढेच ते म्हणाले. डोके ड्रिलने उडवून त्यांनी स्क्रू काढला. पण दांड्यातील आटे अर्धे गेले. आटे धरून ठेवणारे द्रव लावून नवा स्क्रू बसला. हे तात्पुरते आहे, दांडा बदलून घ्या, असे त्यांनी बजावले. गाडी सुरू झाली आणि मी ते बजावणे विसरलो.

पुढे बदलीचा हुकूम आला. कार्यालयातील कोल्हापूरकडचा एक तरुण सहकारी गाडी पाहायला आला. "दादा, गाडी कधी उघडली होती का?" त्याने विचारले. "सर्व्हिसिंग अगदी वेळेवर झाले आहे," मी उत्तरलो. वाक्य खरे होते. आपण सरकारी माणसे अशी खरी वाक्ये लिहिण्यात तरबेज असतो.

त्या रात्री मला झोप लागली नाही. ती झडप सैल होऊन अडकली, तर मूठ सोडल्यावरही गाडीचा वेग उतरणार नाही, आणि त्या वेळी गाडीवर मी नसेन. गाडी माझी, स्क्रू माझा, चूकही माझी; मात्र परिणाम दुसऱ्याचा. मग मालकी नेमकी कशाची?

याच येलवालमध्ये सप्टेंबर १९५७ मध्ये ग्रामदान परिषद भरली होती. विनोबा, राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद आणि पंतप्रधान नेहरू तिला उपस्थित होते. जमीन ही एकट्याच्या मालकीची वस्तू की गावाची ठेव, हा त्या विचाराचा गाभा. जमिनीपुढे मोटारसायकल ती काय! परंतु बीजरूपाने प्रश्न तोच आहे. वस्तू आपल्याकडे येते ती कोणाच्या तरी हातून, आणि जाते तीही कोणाच्या तरी हाती. मधल्या काळापुरते आपण मालक.

यावर कोणी म्हणेल, मग यंत्र उघडूच नये काय? तसे मला वाटत नाही. उघडल्यावाचून ज्ञान नाही, आणि बिघडवल्यावाचून हुन्नर आलेला मनुष्य मी पाहिलेला नाही. मोटार वाहन कायदा, १९८८ याचे ५२ वे कलम वाहनातील फेरबदलांना मर्यादा घालते. पण त्या कलमाची नजर झिजलेल्या आट्यांपर्यंत पोचत नाही. तेथे मनुष्याची स्वतःचीच नजर पोचावी लागते. अज्ञानाने खाच मोडणे हा दोष खरा, पण क्षम्य. मोडलेली खाच झाकून वस्तू पुढे सरकवणे याला मात्र अज्ञान म्हणता येत नाही. नडलेली फाईल कपाटाच्या तळाशी ठेवून कार्यभार सोपवणारा आणि मी, यांत त्या रात्री मला काहीच अंतर दिसेना.

सकाळी त्याला सर्व सांगितले. "बरे झाले सांगितलेत, दादा," तो म्हणाला. आणि त्याने गाडी घेतली नाही. सत्याने व्यवहार जुळतोच असे नाही, हेही नमूद करणे प्राप्त आहे. मी पदरचे पैसे घालून संपूर्ण थ्रॉटल बॉडी बदलली. गाडी आता माझ्याबरोबरच नव्या ठिकाणी येईल.

जुनी नळी हत्यारांच्या पेटीत आहे. एखादी गोष्ट हलेनाशी झाली, मग ती यंत्रातली असो, कार्यालयातली असो की घरातली, की मी ती काढून उलटी करून पाहतो. जोर करण्यापूर्वी मागची बाजू पाहावी, एवढे तिने मला शिकवले आहे.