दोन की तीन? एका चुकीच्या प्रश्नाची मीमांसा

१ डिसेंबर २०२४ रोजी नागपुरात बोलताना राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे सरसंघचालक मोहन भागवत यांनी प्रजननदर २.१च्या खाली गेलेला समाज कालांतराने नष्ट होतो असे प्रतिपादन केले आणि त्यावरून प्रत्येक कुटुंबात दोनपेक्षा अधिक, म्हणजे तीन मुले असावीत असा निष्कर्ष काढला. प्रजननदर म्हणजे सध्याचे जन्मप्रमाण असेच राहिले तर एका स्त्रीला आयुष्यभरात सरासरी होणाऱ्या मुलांची संख्या. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत ती देशात २.० आणि महाराष्ट्रात १.७ आढळली. भागवतांच्या भाषणाआधी, ऑक्टोबरात, आंध्र प्रदेशाचे मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू यांनीही अधिक मुलांचा आग्रह धरला होता. दुसरीकडे महाराष्ट्राच्या ग्रामपंचायत कायद्यात असे कलम आहे की १२ सप्टेंबर २००१ नंतर ज्या व्यक्तीला, स्त्री असो वा पुरुष, तिसरे मूल झाले ती पंचायतीची सदस्य राहू शकत नाही. एक आवाज तिसरे मूल मागतो आणि दुसरा त्याबद्दल शिक्षा सुनावतो; दोघांचे गृहीतक मात्र एकच आहे, की मुलांची संख्या स्त्रीच्या शरीराबाहेर कुठेतरी ठरते आणि तिला ती केवळ कळवायची असते. या लेखाचा विरोध त्या गृहीतकाला आहे.

तीन मुलांच्या पुरस्कर्त्यांना सिंधुदुर्ग हा आपल्या बाजूचा पुरावा वाटेल, म्हणून त्याचा विचार आधी केला पाहिजे. २००१ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. लोकसंख्या घटणे ही येथे भविष्यवाणी राहिलेली नाही, ती होऊन गेलेली गोष्ट आहे. कुलूप लागलेली घरे आणि मागे राहिलेली वृद्ध माणसे हे तिचे दृश्य रूप आहे, आणि त्याबद्दलची काळजी खोटी म्हणता येणार नाही. परंतु ही घरे मुले जन्मली नाहीत एवढ्याने बंद झालेली नाहीत. जन्मलेली मुले पिढ्यानपिढ्या मुंबईला गेली, कारण गावात पोट भरण्याजोगे काम नव्हते. ज्या गावातून पहिली दोन मुले चाकरमानी होऊन गेली, तेथे तिसरे कोणत्या कारणाने थांबेल, याचे उत्तर भागवतांच्या भाषणात नाही. लोकसंख्येचा तुटवडा म्हणून जे मांडले जाते ते बहुतांशी रोजगाराचे आणि सोयींचे अपयश आहे, आणि त्या अपयशाची भरपाई गर्भाशयाकडून मागितली जात आहे.

सिंधुदुर्गातल्याच मालवण तालुक्यातील देवबाग हे गाव कर्ली नदी आणि अरबी समुद्र यांच्यामधल्या वाळूच्या अरुंद पट्ट्यावर वसलेले आहे. मासेमारी हा तेथील जुना व्यवसाय. अलीकडे तारकर्लीच्या पर्यटनाबरोबर घरगुती निवास-न्याहारीचा व्यवसाय वाढला आणि त्यातील स्वयंपाकाचा, स्वच्छतेचा व पाहुण्यांच्या सरबराईचा मोठा भार साहजिकच स्त्रियांवर आला. अशा किनारी गावांतील संततिनियमनाची गरज सरकारी तक्त्यात बसत नाही. ज्या स्त्रीचा नवरा मुंबईत नोकरीला आहे आणि गणपती, शिमगा व मे महिना एवढ्यापुरता घरी येतो, तिला रोजच्या गोळीची शिस्त वर्षभर पाळणे निरर्थक वाटते. पण तो आल्यावर तयारी नसेल तर दिवस राहण्याची भीती खरी असते. हंगाम ऐन भरात असताना शस्त्रक्रियेनंतर जड काम टाळणेही घरगुती व्यवसायातील बाईला परवडत नाही. म्हणजे तिला साधन नको आहे असे नाही, तिच्या वर्षाच्या चालीशी जुळणारे साधन हवे आहे. आणि ते कोणते हे तिच्याशी बोलल्याशिवाय कळणार नाही. महाराष्ट्रात मात्र प्रत्यक्षात एकाच उपायाचे राज्य चालते: विवाहित स्त्रियांपैकी जवळजवळ निम्म्या स्त्रियांनी कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन करून घेतलेले आहे, आणि पुरुष नसबंदीचे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्याही खाली आहे. तांबी, निरोध, गोळी आणि २०१७ पासून सरकारी दवाखान्यांत आलेले ‘अंतरा’ हे तीन महिन्यांचे इंजेक्शन यांचा क्रम स्त्रीच्या ऑपरेशननंतर लागतो.

या संदर्भात रघुनाथ धोंडो कर्वे यांच्याकडे पुन्हा जाणे भाग आहे, आणि ते केवळ ऋणनिर्देशासाठी नव्हे. कोकणातील मुरूडच्या या गणिताच्या प्राध्यापकाने १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, त्याच वर्षी लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्र उघडले. म्हणजे या विचाराच्या बाबतीत मराठी समाज फारसा मागे नव्हता. या कार्यापायी १९२५ मध्ये त्यांना विल्सन कॉलेजातील नोकरी सोडावी लागली. १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक तोट्यात चालवले, अश्लीलतेचे खटले अंगावर घेतले आणि दंड भरले. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल १९३४ मध्ये जो खटला झाला, त्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी मांडली आणि तीही हरली.

कर्व्यांचे वेगळेपण त्यांनी साधनांचा प्रचार केला यात नाही. तो तर इतरांनीही केला. त्या काळी संततिनियमनाचे बहुतेक समर्थक दारिद्र्य, अन्नतुटवडा किंवा वंशसुधारणा यांचा आधार घेत, आणि विरोधकांपैकी सर्वांत प्रभावी असे गांधीजी संयमाचा. संततिनियमनाच्या अमेरिकन प्रचारक मार्गारेट सँगर १९३५ च्या डिसेंबरात वर्ध्याला येऊन त्यांच्याशी चर्चा करून गेल्या, तरी कृत्रिम साधनांबद्दलचा गांधीजींचा नकार कायम राहिला. समर्थन आणि विरोध या दोन्हींत स्त्री कोणत्या तरी मोठ्या हेतूचे साधन होती: एका बाजूला राष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचे, दुसऱ्या बाजूला पुरुषाच्या आत्मशुद्धीचे. कर्व्यांच्या विवेचनात सुप्रजननाची भाषा येतेच, आणि त्या भागाचे समर्थन आज कोणी करू नये. पण त्यांच्या विचाराचा कणा असा होता की स्त्रीलाही कामसुखाची इच्छा असते, ती पुरुषाइतकीच स्वाभाविक असते, आणि त्या सुखाची किंमत तिने नको असलेल्या गर्भधारणेच्या रूपाने मोजावी असा कोणताही नैतिक नियम नाही. संख्येचा प्रश्न त्यांच्याकडे यानंतर येतो. आज ‘दोन’ आणि ‘तीन’ म्हणणाऱ्या दोन्ही पक्षांना जे उत्तर द्यायचे ते शंभर वर्षांपूर्वी येथे दिले गेले आहे.

तरीही कर्व्यांच्या उत्तरापाशी थांबता येत नाही. साधन हाती आले की निवड आपोआप स्त्रीची होते, असा त्यांचा विश्वास होता, आणि पुढच्या काळाने तो खरा ठरवला नाही. आणीबाणीत महाराष्ट्र विधिमंडळाने तीन मुलांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक १९७६ मध्ये मंजूर केले. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने तो कायदा झाला नाही एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या आणि त्यांतील बहुसंख्य पुरुषांच्या होत्या; लोकक्षोभ झाल्यावर सरकारने धडा घेतला तो सक्ती सोडण्याचा कमी आणि पुरुषाला सोडून स्त्रीकडे वळण्याचा अधिक. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडातील बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या प्रकरणात डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये देविका बिस्वास प्रकरणात अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करण्याचा आदेश दिला. महाराष्ट्रात बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयाची पिशवी काढलेली असल्याचे २०१९ च्या चौकशीत पुढे आले. खाडा झाला की मजुरी कापणारी व्यवस्था असताना पाळीपासून कायमची सुटका हा निर्णय त्या स्त्रीचा म्हणावा काय? साधन तेथे होते, संमतीची सही होती, आणि निवड नव्हती.

म्हणून कर्व्यांच्या जोडीला आंबेडकर लागतात. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना त्यांनी बाळंतपणाआधी व नंतर कामकरी स्त्रीला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे आणि त्याचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी तो कायदा झाला. दहा वर्षांनी, १० नोव्हेंबर १९३८ रोजी, त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या वतीने पी. जे. रोहम यांनी विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारने पुरवाव्यात असा ठराव मांडला. बाळंतवेणा पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलांना कोणी तयार झाला नसता, असा युक्तिवाद त्या भाषणात होता. ठरावाच्या बाजूने ११ आणि विरुद्ध ५२ मते पडली. या दोन प्रसंगांना एकत्र वाचले की एक संपूर्ण भूमिका हाती येते: मूल नको असेल तर ते टाळण्याची सोय, आणि मूल हवे असेल तर ते जिवाला धोका न होता, मजुरी न बुडता होण्याची सोय. पहिलीशिवाय दुसरी सक्ती ठरते आणि दुसरीशिवाय पहिली नाइलाज ठरते.

ही दुसरी सोय किनाऱ्यावर कशी आहे, हे पाहावे. देवबागच्या गरोदर बाईला गुंतागुंत झाली तर पट्टीवरून निघणाऱ्या रस्त्याने मालवणचे ग्रामीण रुग्णालय, तेथून ओरोसचे जिल्हा रुग्णालय, आणि तेथेही निभावले नाही तर राज्याची सीमा ओलांडून गोव्यातील बांबोळीचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. जानेवारी २०१८ पासून बांबोळीत गोव्याबाहेरच्या रुग्णांना शुल्क लागू झाले तेव्हा सिंधुदुर्गात आंदोलन उभे राहिले, ते याच कारणाने. ओरोसला आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. त्याचे मोल इमारतीवर नव्हे, तर रात्री दोन वाजता भूलतज्ज्ञ, रक्त आणि स्त्रीरोगतज्ज्ञ एकाच वेळी हजर असतात की नाही यावर ठरते. जेथे या तिन्हींचा भरवसा नाही तेथे तिसऱ्या मुलाचे आवाहन करणे म्हणजे दुसऱ्याच्या जिवावर देशभक्ती करणे होय. शिवाय कोकणात पहिलटकरीण माहेरी बाळंत होते. तांबी बसवायची की नाही हे तिला माहेरच्या दवाखान्यात, कळा देऊन थकलेल्या अवस्थेत विचारले जाते, आणि पुढचा त्रास निघतो सासरच्या गावी, जेथे तिची नोंद नसते. हा संवाद गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत, नर्सबाई आणि आशाताई यांच्याशी, सासूच्या अनुपस्थितीत झाला पाहिजे.

असा संवाद न होणे नवे नाही, आणि ते केवळ कोकणापुरते नाही. गडचिरोलीत राणी आणि अभय बंग या डॉक्टर दांपत्याने दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग असल्याचे आणि त्यासाठी पूर्वी कधी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के असल्याचे दाखवले होते. कुटुंबनियोजनाची यंत्रणा त्या काळातही गावोगाव पोहोचत होती. ती बाईपर्यंत मुले थांबवण्यासाठी पोहोचत होती, अंगावर पांढरे जाते, कंबर दुखते, हे ऐकण्यासाठी नव्हे.

कायद्याने बाईला जे दिले आहे तेही दवाखान्याच्या दारात गळते. १९७१ च्या गर्भपात कायद्यात सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरेशी आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत चालते, आणि २९ सप्टेंबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने २० ते २४ आठवड्यांच्या तरतुदीत विवाहित-अविवाहित असा भेद करता येणार नाही असे स्पष्ट केले. कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियेसाठीही जोडीदाराची संमती केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत आवश्यक नाही. तरीही नवऱ्याची सही मागण्याची प्रथा व्यवहारात सर्रास आढळते, आणि जिचा नवरा बोटीवर किंवा मुंबईत आहे अशा बाईचे आठवडे त्या सहीची वाट पाहण्यात निघून जातात. ज्यांना लोकसंख्येची खरोखर चिंता आहे त्यांनी आधी कायद्याने न मागितलेली ही सही बंद करावी, पंचायत कायद्यातील ते कलम काढावे, आणि नसबंदीच्या शस्त्रक्रियेसाठी पुरुषाने पुढे यावे म्हणून तेवढाच आग्रह जाहीर सभांतून धरावा. बिनटाक्याची नसबंदी काही मिनिटांत, भूल देऊन झोपवल्याशिवाय होते, आणि स्त्रीच्या शस्त्रक्रियेसारखे तिच्यात पोट उघडावे लागत नाही.