सोसण्याचं कौतुक पुरे

सोलापूरच्या माणसाबद्दल बाहेर एक मत पक्कं झालेलं आहे. माणूस साधा, मनाने चांगला, बोलायला रांगडा आणि सोशीक. पुण्या-मुंबईत हे आपुलकीनेच बोललं जातं. ‘तुमच्याकडची पोरं कधी कुरकुर करत नाहीत’, असं नोकरी देणारे साहेब कौतुकाने सांगतात. त्यात कोणाचा वाईट हेतू नसतो, तरीही मला ते बोचतं. त्याहून जास्त बोचतं ते हे, की आपल्या गावकऱ्यांनीच हे कौतुक डोक्यावर घेतलं आहे. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं, मे महिन्यात रस्त्यावर पाय ठेववत नाही, तरी आम्ही मजेत आहोत, असं आपण छाती पुढे काढून सांगतो. लादलेल्या परिस्थितीला बाहेरच्यांनी स्वभाव समजावं, हे मी समजू शकतो. आपणही तसंच समजू लागलो, तर काही मागायचं कारणच उरत नाही.

आधी हा सोलापूरकर कोण, ते पाहू. गावाचं दैवत सिद्धेश्वर. बाराव्या शतकातल्या या शिवयोग्याने वचनं लिहिली ती कन्नडमध्ये, आणि तलाव खोदून घेतला तो तहानलेल्या गावासाठी. पुढे बहामनी काळातला भुईकोट किल्ला आला, पेठा आल्या. पण आज आपण पाहतो ते शहर उभं राहिलं गिरण्यांमुळे. १८७७ च्या सुमारास ‘जुनी गिरणी’ सुरू झाली. ते दुष्काळाचं वर्ष होतं. आजूबाजूच्या कोरड्या गावांतली माणसं कामासाठी शहरात शिरली. निजामाच्या मुलखातून, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले. लिंगायत व्यापारी होते, मारवाडी होते, मोमीन विणकर होते, गुजराती जैन पेढीवाले होते. वालचंद हिराचंद यांचा जन्म इथलाच, १८८२ चा. आणि एक वस्ती होती तारेच्या कुंपणाची. गुन्हेगार जमाती कायद्याखाली ज्यांना जन्मानेच गुन्हेगार ठरवलं, ती कुटुंबं ‘सेटलमेंट’मध्ये डांबली गेली. तिथल्या माणसांनी दिवसा गिरणीत काम करायचं आणि संध्याकाळी हजेरीला परत यायचं. कायदा १९५२ मध्ये गेला. वस्तीचं नाव मात्र आजही सेटलमेंटच आहे.

म्हणजे इथे ‘मूळचा’ म्हणावा असा एक माणूस नाही. बहुतेकांचा आजा-पणजा पोटासाठी दुसरीकडून आलेला. त्यांच्यात एक भाषा नव्हती, एक देव नव्हता, एक ताट नव्हतं. सगळे एकत्र यायचे ते गिरणीच्या भोंग्यावर. हे ध्यानात घेतलं की आपल्या बोलीचंही कोडं सुटतं. शहराच्या पूर्व भागातला पद्मशाली माणूस सकाळी आईशी तेलुगू बोलतो, कारखान्यातल्या जॉबरशी दखनी हिंदी, अक्कलकोटकडून भाजी घेऊन आलेल्या अव्वाशी मोडकं कानडी, आणि मुलाच्या शाळेत मास्तरांशी मराठी. दिवसभरात चार भाषांतून फिरणाऱ्या या माणसाच्या मराठीत लिंग इकडचं तिकडे झालं, वाक्याचा शेवट कानडी वळणाने उचलला गेला, की पुण्यात त्याला अशुद्ध म्हणतात. ‘काय बे’ अशी हाक ऐकून वसतिगृहातले सोबती दचकतात. उद्धटपणा म्हणून ज्याची नोंद होते, ती खरं तर समोरच्याची जात-भाषा न विचारता त्याला जवळ ओढण्याची रीत आहे. अनोळखी माणसाला अण्णा, अक्का, मावशी, चाचा यांपैकी नेमकं काय म्हणायचं हे इथलं दहा वर्षांचं पोर ओळखतं. एवढी जाण मला मोठ्या शहरांतल्या फार थोड्या सुशिक्षितांत दिसली आहे.

मग हा माणूस खरंच सोशीक आहे का? १९३० सालचा मे महिना बघा. गांधीजींना अटक झाल्याची बातमी आली आणि गिरणी कामगारांसकट सगळं गाव रस्त्यावर आलं. ८ मे रोजी गोळीबार झाला. शंकर शिवदारे हा तरुण त्यात गेला. संतापलेल्या जमावापुढे इंग्रजांचा अंमल कोसळला आणि पुढचे तीन-चार दिवस शहरात सरकार नावाचं काही राहिलं नाही. लोकांनीच गाव चालवलं. मग १२ मे रोजी मार्शल लॉ पुकारला गेला, तो जूनअखेरपर्यंत राहिला. आणि १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात चौघांना फाशी दिली गेली: मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे. नावं सावकाश वाचा. एक लिंगायत, एक मारवाडी, एक मुसलमान, एक मराठा. कुर्बान हुसेन कामगारांचे पुढारी होते आणि वर्तमानपत्र चालवत होते. चौघांना कोणत्या समितीने निवडलं नव्हतं. शहर जसं होतं, तसंच ते फासावर गेलं. चार हुतात्मा चौकातून आपण रोज जातो. बाहेरच्या राज्यांत तर सोडाच, महाराष्ट्रातही शालेय पुस्तकांबाहेर हा इतिहास कोणी फारसा सांगत नाही. पण ज्या गावाने साम्राज्याचा अंमल चार दिवस का होईना उलथून टाकला, त्या गावाला सोशीक कसं म्हणायचं?

हे जुनं झालं, असं कोणी म्हणेल. मग विडी कामगार बाईकडे या. पूर्व भागातल्या कुठल्याही बोळात दुपारी गेलात तर ती उंबऱ्याशी बसलेली दिसेल. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, शेजारी ओल्या फडक्यात भिजवून ठेवलेला तेंदूपत्ता. ती पत्र्याचा तुकडा पानावर ठेवून कात्रीने बेतासारखं कापते, चिमूटभर तंबाखू पसरते, पान बोटांत वळतं, दोऱ्याचा वेढा बसतो, तोंड नखाने आत मुडपलं जातं. बघता बघता एक विडी झालेली असते. तिची नजर हातावर नसतेच. ती पोराचा अभ्यास घेत असते, नाहीतर शेजारणीशी बोलत असते. मजुरी हजार विड्यांवर. कारखान्यात माल द्यायला गेलं की त्यातल्या काही छाट म्हणून बाजूला निघतात, त्यांचे पैसे बुडतात. बोटांच्या टोकांची कातडी झिजते, छातीत तंबाखूची धूळ जाते. बाहेरचा पत्रकार येतो, फोटो काढतो आणि ‘हसतमुखाने कष्ट करणारी बाई’ असं लिहून जातो.

त्याने फोटोच्या चौकटीबाहेर बघायला हवं होतं. याच बाया वर्षानुवर्षं मोर्च्याला गेल्या, लाल झेंड्याखाली बसल्या, स्वतःच्या घरासाठी पै-पै भरत राहिल्या. कामगार नेते नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून सोलापूरजवळच्या कुंभारीच्या माळावर गोदूताई परुळेकर वसाहत उभी राहिली. सुमारे दहा हजार घरं, आणि ती मालकीची. २००६ मध्ये पंतप्रधान मनमोहन सिंग यांच्या हस्ते ती दिली गेली. पुढे त्याच परिसरात तीस हजार घरांची रे नगर योजना आली. तिच्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांच्या किल्ल्या जानेवारी २०२४ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते दिल्या गेल्या. दोन वेगळ्या पक्षांच्या पंतप्रधानांना एकाच माळावर यावं लागलं, ते या बायांनी मागणं सोडलं नाही म्हणून. पक्षाचा रंग कोणाला आवडो न आवडो, असंघटित कामगारांनी एवढी घरं मिळवल्याचं दुसरं उदाहरण देशात शोधावं लागेल. सोलापूरची ओळख सांगताना आपण चादर आणि शेंगाचटणी सांगतो. मी आधी ही वसाहत सांगेन.

अभिमानाला माझा विरोध नाही. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात, तेव्हा माझाही ऊर भरून येतो. सात ध्वज, प्रत्येकी तीस फुटांच्या आसपास उंच. त्यांचा मान वेगवेगळ्या समाजांकडे वाटलेला आहे, मातंग समाजाकडेही आहे. पांढरी बाराबंदी घातलेला एकटा माणूस त्या काठीचा सगळा भार कमरेवर तोलून पावलं टाकतो, आणि त्याचा श्वास कमी पडतोय असं दिसताच दुसरा पुढे सरकतो. ध्वज खाली टेकत नाही. यासाठी कित्येक रात्री सराव चालतो. जन्माने मान मिळतो खरा, पण पेलायला शिकावंच लागतं. असा अभिमान मला मान्य आहे, कारण त्याच्यामागे कमावलेलं कसब आहे.

मला खटकतो तो सोसण्याचा अभिमान. पाण्याचंच घ्या. उजनी आपल्याच जिल्ह्यात, शंभरावर किलोमीटरवर. १९८० पासून तिथे ११७ टीएमसी क्षमतेचं धरण आहे. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने असलेला हा जिल्हा, उसाला कालवे आहेत. आणि शहरासाठी वर्षानुवर्षं भीमेच्या पात्रातून पाणी सोडायचं, ते औज-चिंचपूरच्या बंधाऱ्यात अडवायचं, वाटेत लागेल तेवढं मुरू द्यायचं, असा प्रकार चालला. शहराला लागतं त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी नदीत ओतावं लागलं. धरणापासून शहरापर्यंतच्या समांतर जलवाहिनीची चर्चा करता करता एक पिढी म्हातारी झाली. याचा परिणाम घरात शिरून बघा. पाण्याच्या दिवशी घरातलं कोणीतरी कामावर जात नाही. बहुतेक वेळा ती बाईच असते, तिचा रोजगार बुडतो. लग्नाची, दवाखान्याची तारीखसुद्धा ‘आपल्याकडे पाणी कधी’ हे विचारून ठरते. छोट्या घरातली अर्धी जागा बॅरल आणि टाक्यांनी व्यापलेली असते. याला सहनशक्ती म्हणणं हा त्या बाईचा अपमान आहे. ज्या बाईने दहा हजार घरं मागून घेतली, तिला पाणी मागता येत नाही असं नाही. पण घर कोणाकडे मागायचं ते कळतं, पाण्याचा धनी सापडत नाही. जबाबदारी इतक्या हातांत वाटली आहे की मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा हेच कळेनासं होतं.

गिरण्यांच्या बाबतीतही आपण असंच सोसलं. एकेक करत त्या बंद पडल्या आणि हजारो कामगार यंत्रमागावर, रिक्षावर, वॉचमनच्या खुर्चीवर गेले. चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वेळपर्यंत चादर विणणारे माग टॉवेलकडे वळू लागले होते. शिकलेल्या मुलांसाठी इथे फारसं काही उरलं नाही. ती सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला जातात. गाडीचं नाव त्याच चौघांवरून आहे, हे त्यांच्यातल्या अनेकांना ठाऊक नसतं. आणि पुण्यात त्यांच्याबद्दल म्हटलं जातं, की सोलापूरची पोरं कमी पगारात राबतात, तक्रार करत नाहीत. घरी धाकटी भावंडं आहेत, बापाचा माग बंद आहे, परतायला जागा नाही, म्हणून ती गप्प असतात. गरजेपोटी आलेल्या या गप्प बसण्याला गुणाचं प्रमाणपत्र देणं मालकाच्या फायद्याचं असेल. त्या प्रमाणपत्रावर आपण सही कशाला करायची?

पुण्यात आणि मुंबईत सोलापूरकरांची स्नेहसंमेलनं होतात. कडक भाकरी, शेंगाची चटणी, धपाटे, जुन्या शाळांच्या आठवणी, सगळं मनापासून असतं. मीही जातो. आता अशा प्रत्येक संमेलनात जेवणाआधी एक तास पाण्यासाठी द्यावा, असं मला वाटतं. धरणातून किती पाणी निघतं, शहरात किती पोचतं, वाटेत किती जातं, जलवाहिनीवर आजवर किती खर्च झाला आणि रोज पाणी कोणत्या तारखेपासून येणार, हे विचारणारं पत्र लिहावं. बाहेर राहून शिकलेल्या, कागद वाचता येणाऱ्या माणसांनी गावासाठी एवढं करायला काय हरकत आहे? माहितीच्या अधिकारात विचारता येतं, अभियंते आपल्यातच आहेत, वकील आहेत. पत्र मराठीत लिहावं, त्याच्या प्रती तेलुगू, कन्नड आणि उर्दूत काढाव्यात, आणि गावातल्या प्रत्येक पेठेत वाचून दाखवून त्यावर सह्या घ्याव्यात. पहिली सही विडी वळणाऱ्या बाईची असावी.