मोळीची वाट आणि गाडीची वाट

पारनेर तालुक्यात कान्हूर पठारावरून खाली उतरणाऱ्या एका डोंगराच्या अंगाला एक जुनी वाट आहे. दसरा उलटल्यावर एका सकाळी आम्ही काही मंडळी ती चढून गेलो. पाऊस नुकताच ओसरला होता. सीताफळांना डोळे पडले होते, आणि कडुनिंब व हिवराच्या सावलीतून चालताना आपण अवर्षणप्रवण तालुक्यात आहोत ह्याचा क्षणभर विसर पडावा अशी हवा होती. वाट चांगली रुंद, चढ बेताचा. आमच्यापैकी एकजण म्हणाले, "देवाने ही वाट फिरायलाच केलेली दिसते!"

वाट देवाने केलेली नव्हती. थोडे वर गेल्यावर उघड्या खडकात दोन समांतर चाकोऱ्या दिसल्या. लाकूड वाहणाऱ्या बैलगाड्यांच्या लोखंडी धावांनी त्या कोरल्या होत्या. ज्या सावलीचे आम्ही कौतुक करीत होतो, तिच्या आधीची सावली तोडून नेण्यासाठी ही वाट पडली होती. एका अपराधाने करून ठेवलेल्या वाटेवर आपण सुखाने चालतो आहोत, हा विचार आला आणि तो आम्हांला सोडीना.

सोडीना, ह्याला कारण आहे. आमची आजी ह्याच तालुक्यात मोळ्या विकीत असे. पहाटे डोंगर चढायचा, दुपारी बाजारात बसायचे आणि मोळी खपली तरच संध्याकाळी पीठ आणायचे. आमची पहिली पाटी त्या पैशांतून आली. पूर्वी गावकामाच्या वतनात अधिकाऱ्यांसाठी लाकूड फोडून देणे हे महारांच्या वाट्याला असे. १९५९ साली ती वतने कायद्याने गेली, पण डोईवरची मोळी लगेच उतरली नाही. तेव्हा वृक्षतोडीवर व्याख्यान देण्यापूर्वी आपण कोणत्या लाकडावर वाढलो, हे आम्हांला आठवणे भाग आहे.

तरीही एक गोष्ट त्या खडकाने आम्हांला शिकविली. मोळीने पायवाट पडते, चाकोरी पडत नाही. चाकोरीला गाडी लागते, गाडीला बैल, बैलांना मालक, आणि मालकाला पलीकडे कोणीतरी गिऱ्हाईक. डोंगर बोडका झाला की दोष मात्र मोळीवालीच्या पदरात पडतो, कारण ती भर रस्त्याने, सर्वांच्या देखत जाते. राळेगण सिद्धीची हकिकत ह्याच तालुक्यातली आहे. तेथे दारूच्या भट्ट्या पेटविण्यासाठी यादवबाबांच्या मंदिराचे लाकूडसुद्धा लोकांनी काढून नेले होते. देवळाचे लाकूड जेथे सुटले नाही, तेथे रानातले काय सुटणार? आणि त्या भट्ट्यांचा नफा काही मोळीवालीच्या घरी जात नव्हता.

म्हणून आजी निर्दोष ठरते, असे मात्र नाही. शेवटी शेवटी वाळक्या काटक्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा ती कुदळ घेऊन बुंध्यांच्या मुळ्या खणीत असे. बुंधा पुन्हा फुटला असता. मूळ गेल्यावर काय फुटणार? हे तिला आमच्याहून चांगले कळत होते. भुकेने दोष हलका होत असेल, पण त्यामुळे खणलेले मूळ परत रुजत नाही.

१९७५ साली अण्णा हजारे सैन्यातून राळेगणला परतले आणि पुढच्या वर्षांत तेथे कुऱ्हाडबंदी व चराईबंदी आली, नशाबंदी आली, श्रमदान आले. (त्या पंचसूत्रीतील आणखी एका बंदीविषयी आपल्या वाचकांना काय म्हणायचे असेल ते आम्ही जाणतो, तो विषय वेगळा.) स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर ह्यांनी आपल्या जिल्ह्यात जर्मन साहाय्याने पाणलोटाचे जे काम उभे केले, त्यातही झाड तोडू नये, गुरे मोकाट सोडू नयेत ह्या अटी होत्या. अटी योग्यच होत्या. उताराला गवत धरले की पाणी मुरते, आणि पाणी मुरले की खालच्या विहिरींना ते लागते.

पण विहीर कोणाची? ज्याची जमीन, त्याची. बंदी मात्र सर्वांवर सारखी. किंबहुना सारखीही नव्हे. चार एकरवाल्याने गाय दावणीला बांधली तर बांधावरचा चारा तिच्यापुढे येतो. भूमिहीनाच्या दोन शेळ्यांना डोंगराखेरीज दुसरे शेत नसते. त्याने शेळ्या विकल्या, म्हणून आज डोंगर हिरवा आहे. त्यागाची स्तुती करणे सोपे असते. हा त्याग कोणाकडून किती घेतला, ह्याचा हिशेब मात्र सहसा कोणी मांडीत नाही. गवत कापून नेण्याची मुभा सर्वांना असावी, आणि वाढलेल्या पाण्यात भूमिहीनालाही वाटा असावा, असा आग्रह काही ठिकाणी धरला गेला. जेथे धरला गेला नाही, तेथील हिरवळ आम्हांला उसनी वाटते.

उतरताना वळणावर एक बाई गवताचा भारा घेऊन खालून वर येत होती. वाट गाडीइतकी रुंद, तरी आमचे टोळके तिच्या मधोमध पसरलेले. ती थांबली, भारा तसाच डोईवर तोलीत, आम्ही जाऊ म्हणून. आम्ही "मावशी, तुम्ही पुढे व्हा" म्हणालो आणि चाकोरीबाहेर काट्यांत उभे राहिलो. ती काही न बोलता वर निघून गेली.