रसिक आणि दारुडा

एकाच गोष्टीला दोन नावे पडली की त्या दोन नावांच्या आड कुठेतरी माणसाची सोय दडून बसलेली असते. श्रीमंताला असतो तो छंद, गरिबाला लागतो तो नाद. साहेब बोलत नाहीत तेव्हा ते गंभीर असतात, गडी बोलत नाही तेव्हा तो घुम्या ठरतो. पिण्याच्या बाबतीत तर भाषेने हा पंक्तिभेद फारच चोख सांभाळला आहे. एक आस्वाद घेतो, दुसरा ढोसतो. एक रसिक, दुसरा दारुडा. हा भेद खरा की केवळ सोयीचा, हा प्रश्न गेल्या हिवाळ्यात माझ्यापुढे उभा राहिला आणि तो अजून माझा पिच्छा सोडीत नाही.

निमित्त झाले एका सहलीचे. साताऱ्या-सांगलीच्या आम्ही दहा-बारा स्नेह्यांनी एखादी वाइनरी पाहावयाचे ठरविले. राज्य सरकारने २००१ साली द्राक्षप्रक्रियेचे धोरण आखले आणि त्यात नाशिककडे विंचूरला व आमच्या सांगली जिल्ह्यात पलूसला वाइन पार्क योजिले. पण मंडळींना काहीतरी इटालियन हवे होते. म्हणून आम्ही साताऱ्याहून फलटण, नातेपुते करीत अकलूजच्या बाजूला गेलो. तेथे इटलीचे सेक्की, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील अशा भावाभावांच्या तीन जोड्यांनी मिळून वाइनरी काढली आहे. तिचे 'फ्रातेल्ली' हे नावही त्यावरूनच पडले; इटालियन भाषेत त्याचा अर्थ 'भाऊ'. तस्कनीतले पिएरो मासी यांच्यासारखे जाणकार मद्यकार तिला लाभले आणि माळशिरस तालुक्याच्या माळावर सांजोवेझे या इटालियन द्राक्षाचे वेल चढले.

आमच्यातले तासगावचे स्नेही स्वतः बागायतदार. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी यांत त्यांचा जन्म गेला. त्यांनी एक मणी चाखला, बी थुंकली आणि म्हणाले, "बारीक मणी, जाड साल, वर बी. आमच्या बाजारात ही फुकट दिली तरी कुणी उचलायचं नाही!" चार किलो द्राक्षे वाळवून किलोभर बेदाणा हाती येतो, हा त्यांचा हिशेब. जो साखरेचा गोडवा बेदाण्यात आटून राहतो, तोच येथे किण्वाच्या तोंडी देऊन त्याचे मद्य करतात, एवढाच काय तो फरक. आणि हे आपल्या घराला अगदीच अनोळखी होते असेही नाही. माझ्या लहानपणी आमच्या घरातल्या फडताळात द्राक्षासवाची बाटली असे. त्यातही आंबण्याच्या क्रियेने आपोआप मद्यांश उतरतो. पण आजी ते दोन चमचे घेई आणि तिला कोणी नावे ठेवीत नसे.

हिंडवणाऱ्या तरुणाने आम्हांला इटलीची गोष्ट सांगितली. फ्लॉरेन्सचे आंतिनोरी घराणे १३८५ पासून या धंद्यात आहे. १७१६ साली तस्कनीच्या ग्रँड ड्यूकने, तिसऱ्या कोसिमोने, फर्मान काढून किआंतीच्या मद्याची हद्द ठरवून दिली: अमुक डोंगर ते तमुक ओढा, यांतल्याच द्राक्षांचे ते किआंती. ऐकताना मला आपला १९४९ चा कायदा आठवला. त्याचे नाव आजही दारूबंदीचाच कायदा असे आहे आणि महाराष्ट्रात पिणाराने परवाना बाळगावा अशी त्याची अपेक्षा आहे. कोसिमोने जमिनीला कुंपण घातले, आपण माणसाला घातले. जेथे मद्य जेवणाच्या ताटाशेजारी वाढले, तेथे कायद्याने त्याची जात राखली. जेथे ते अंधारात वाढले, तेथे कायदा त्याच्या मागे काठी घेऊन धावला.

मग चव घेण्याचा विधी झाला. पेला देठाशी धरावा, रंग उजेडात पाहावा, हलकेच घुसळावा, वास घ्यावा, घोट जिभेवर खेळवावा आणि जवळच्या भांड्यात थुंकून टाकावा. चव कळावी आणि डोके ठिकाणावर राहावे, हा त्यातला हेतू. सहा प्रकार झाले. निघताना मी त्या भांड्यात डोकावलो. ते जवळजवळ कोरडे होते. आम्ही सारे रसिक. पैसे दिलेले थुंकावयाचे कसे?

गाडीचा चालक बाहेर लिंबाखाली बसून होता. गळ्यात तुळशीची माळ. कोणीतरी त्याला द्राक्षाचा नुसता रस देऊ केला, तोही त्याने नाकारला. "निदान चव तरी बघा," असा आग्रह झाला तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "चव बघायची म्हणूनच आमच्या आबानं पयल्यांदा घेतली हुती."

२०२२ च्या जानेवारीत सरकारने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकू देण्याचा निर्णय घेतला तेव्हा 'वाइन म्हणजे दारू नव्हे' हे वाक्य महाराष्ट्रात खूप गाजले. साताऱ्यात बंडातात्या कराडकरांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. किण्वाला मात्र हा वाद ठाऊक नाही. द्राक्षाचा रस असो की हातभट्टीचा काळा गूळ, ते साखर खाते आणि अल्कोहोल टाकते. म्हणून भेद बाटलीत शोधणे व्यर्थ आहे.

मग तो नाहीच काय? आहे, असे मला वाटते. खरा रसिक घोट थुंकू शकतो. माळकरी तो तोंडाला लावीत नाही. दिसावयास दोघे दोन टोकांचे, पण दोघांच्याही हाती 'पुरे' हा शब्द आहे. दारुड्याच्या हातून तो निसटलेला असतो. येथवर नीतिशास्त्र सोपे आहे. अवघड भाग पुढेच आहे: हा शब्द हाती राहणे ही सर्वस्वी ज्याची त्याची कमाई असते काय? आम्ही पोटभर जेवून, सुटीच्या दिवशी, सावलीत बसून पीत होतो. दुसऱ्या दिवशी आमची कंबर दुखणार नव्हती. ज्याने दिवसभर ऊस तोडला त्याला रंग पाहावयास आणि वास घ्यावयास उसंत नसते. त्याला फक्त वेदना विसरावयाची असते. आमचा संयम बराचसा आमच्या परिस्थितीने आम्हांला दिलेला असतो, आणि तो सद्गुण म्हणून मिरविणे ही उसनवारीची ऐट आहे. तरीही परिस्थितीने दारुड्याचा गुन्हा माफ होत नाही, कारण त्याचे मोल तो स्वतः देत नाही.

ते कोण देते, हे आपल्याकडच्या बायकांनी मतपेटीतून सांगितले आहे. २००८ च्या नियमानुसार गावातल्या महिला मतदारांपैकी पंचवीस टक्क्यांनी मागणी केली तर दुकान बंद करण्यासाठी गुप्त मतदान होते. चिन्हे दोन, उभी बाटली आणि आडवी बाटली. नुसत्या झालेल्या मतांत बहुमत मिळून भागत नाही; एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिकांनी बाटली आडवी करावी लागते. म्हणजे जी बाई त्या दिवशी रोजगार बुडेल म्हणून आली नाही, तिचे न दिलेले मत उभ्या बाटलीच्या पारड्यात पडते. कोसिमोने जमिनीला हद्द घातली, १९४९ च्या कायद्याने माणसाला. या बायका गावाच्या वेशीला घालू पाहतात. तिन्ही हद्दींत मला हीच सर्वांत न्याय्य वाटते, कारण ती घालणारीला त्या पेल्याची किंमत ठाऊक असते.

द्राक्ष पिकविणाराला भाव मिळावा, पाहुण्याने चार घोट चाखावेत, यात मला पाप दिसत नाही. माझी हरकत आहे ती आपण आपल्यालाच बहाल केलेल्या पदवीला. रसिक ही पदवी पिणाराने स्वतः घ्यावयाची नसते आणि वाइनरीने द्यावयाची नसते. रात्री दाराची कडी वाजते तेव्हा आतून उघडावयास येणाऱ्या माणसाचा चेहरा पाहावा. ती पदवी देण्याचा अधिकार त्या चेहऱ्याचा.