अपेक्षित प्रश्नसंचातला बारटेंडर

शंभरपैकी शहाण्णव! स्क्रीनशॉट काढून बॅचच्या ग्रुपवर टाकलास, खाली सगळ्यांचे अंगठे आले, झालं. आता तो मोबाइल पालथा ठेव आणि मला सांग: बारा वर्षं मुरलेली स्कॉच आणि वीस वर्षं मुरलेली स्कॉच एकत्र केली, तर बाटलीवर वय किती छापायचं?

सोळा? सरासरी काढलीस होय रे? मिश्रणात सगळ्यात कोवळं जे असेल त्याचंच वय छापता येतं. बारा. तुझ्या त्या ॲपमध्ये हाच प्रश्न आहे, मी बघितलाय. तिथे आकडे आठ आणि अठरा आहेत आणि उत्तर 'ब' आहे. ते 'ब' तुला झोपेतसुद्धा येतं. मी आकडे बदलले तर तुझी दांडी गुल.

दहावीला अपेक्षित प्रश्नसंच घोकलेस, कॉलेजात झेरॉक्सवर निभावलंस. आता डब्ल्यूएसईटी या संस्थेची स्पिरिट्सची लेव्हल टू परीक्षासुद्धा तशीच उरकायची आहे. ५० प्रश्न, ६० मिनिटं, प्रत्येकाला चार पर्याय, पास व्हायला ५५ टक्के. उरकेलही, मी नाही म्हणत नाही. प्रमाणपत्राला फ्रेम करशील. मग काउंटरवर कोपर टेकून एखादं गिऱ्हाईक विचारेल, "बर्बन आणि स्कॉचमध्ये फरक काय हो?" ते काही अ, ब, क, ड वाचून दाखवणार नाही.

सांग बरं फरक. "बर्बनमध्ये किमान ५१ टक्के मका, आतून जाळलेलं नवं ओकचं पिंप." शाब्बास, पोपटपंची बिनचूक. आता नव्या पिंपाची अट आहे म्हटल्यावर वापरून झालेल्या पिंपांचं काय होत असेल, हा प्रश्न तुला कधी पडला? त्यातली कितीतरी स्कॉटलंडला जातात, कारण स्कॉचला वापरलेलं पिंप चालतं. कोऱ्या, जाळलेल्या लाकडातून व्हॅनिला आणि कॅरॅमल भराभर उतरतं, वापरलेल्यातून सावकाश. त्यात स्कॉटलंडची थंड हवा. म्हणून तिथे बारा-अठरा वर्षं थांबायला परवडतं. एक धागा धरला की परीक्षेतले चार प्रश्न हातात येतात आणि गिऱ्हाइकाशी बोलायला गोष्टही मिळते. तू चार प्रश्नांची चार उत्तरं वेगवेगळी पाठ केलीस. मेहनत जास्त, पदरात कमी.

आणि ते ॲप कुणी, कधी बनवलं हे तरी पाहिलंस का? कॉन्यॅकच्या एक्सओला किमान किती वर्षं? "सहा." बघ, कसं ताडकन आलं! अरे, २०१८ मध्येच सहाची दहा झाली. तुझं ॲप अजून सहालाच हिरवी खूण देतंय, आणि तू ती चूक पुनःपुन्हा सोडवून पक्की करतोयस. अभ्यासाचं पुस्तक पिशवीत आहे ना? त्याचं प्लॅस्टिक अजून निघालेलं नाही, तेही मी बघितलंय.

त्याहून वाईट म्हणजे ॲपमधले कितीतरी प्रश्न अमेरिकेत दारू वाढण्याच्या दाखल्यासाठीचे आहेत. ती परीक्षाच वेगळी, कायदा वेगळा. तिथे वय २१. महाराष्ट्रात व्हिस्की-रमसाठी २५. परवा सरावात २२ वर्षांच्या 'गिऱ्हाइकाचं' आधार कार्ड बघून तू खुशाल पेग भरलास आणि वर मलाच ऐकवलंस, "सर, एकवीस पूर्ण आहेत की!" सराव होता म्हणून हसलो आपण. खऱ्या बारमध्ये हे केलंस तर मालकाच्या परवान्यावर येईल, आणि तो तुझे शहाण्णव टक्के बघत बसणार नाही.

प्रूफचंही तेच. तिकडे प्रूफ म्हणजे टक्क्यांची दुप्पट, हे तू पाठ केलंस. आपल्याकडच्या बाटलीवर ४२.८ टक्के असतात, त्याची दुप्पट ८५.६. मग त्याच दारूला इथे ७५ प्रूफ का म्हणतात? कारण ते जुनं इंग्रजी माप आहे. त्यात १०० प्रूफ म्हणजे साधारण ५७.१ टक्के. वर्षभर त्या बाटल्या पुसतोयस, लेबल एकदाही वाचावंसं वाटलं नाही?

सराव चाचण्यांवर माझा राग नाही, हे डोक्यात घे. उलट त्या हव्यातच. रोडिगर आणि कार्पिकी या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये दाखवलं, की उतारा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा त्यावर चाचणी देणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवतं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा मात्र वाचणारेच पुढे होते. आणि त्यांची चाचणी कसली होती? उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं कागदावर लिहायचं. पर्याय नाहीत, हिरवी खूण नाही. तू तोच संच दहा मिनिटांच्या अंतराने परत सोडवतोस आणि आकडा चढला की खूश होतोस. आकडा चढणारच, उत्तर नुकतंच पाहिलंयस ना!

चुकलेले ते चार प्रश्न कुठले होते? नाही माहीत. अख्ख्या चाचणीत तुझ्या कामाचे तेवढेच चार होते, आणि तेच तू स्क्रीनशॉटमधून कापलेस.

तर आता वही कर. प्रश्न चुकला की तो वहीत उतरवायचा, बरोबर पर्याय का बरोबर ते एका ओळीत, आणि उरलेले तिन्ही का चूक तेही. नुसतं 'ब' लिहिलेलं दिसलं तर वही परत मिळणार नाही. दोन दिवस मध्ये जाऊ देऊन तोच विषय कोऱ्या कागदावर. घड्याळ लावून पूर्ण पेपर फक्त शेवटच्या आठवड्यात. ते ॲप माझ्यासमोर काढून टाक. नाही, नंतर नाही, आत्ता.

शुक्रवारी टकीला घेतोय. ब्लांको, रेपोसादो, अन्येहो: कुठलं किती मुरवायचं, का, आणि चवीत काय बदलतं, तोंडी सांगायचं. त्याआधी जिगर धुऊन ठेव, सकाळपासून चिकट पडलाय.